नवा वायुभारमापक घेतलाय? थोडं थांबा

पुण्यात हवेचा दाब मोजणाऱ्या या यंत्रावर ९५० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपासचा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. वादळ येत नाहीये आणि यंत्रही बिघडलेलं नाही. बातम्यांतला १०१० वगैरे आकडा, तिथला दाब समुद्रसपाटीवर किती भरला असता, असा हिशोब करून सांगितलेला असतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचावर आहे, आणि आठ-नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. यंत्र सिंहगडावर नेलंत तर तो आणखी सत्तर-ऐंशीने पडेल. (जरूर न्या, मजा येते.)

शिवाय आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. तेवढ्यावरून ‘दाब पडला, पाऊस येणार’ असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आजचा चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशीच ताडून बघा.

आर्द्रतेच्या टक्क्यांवर मी फारसा विसंबत नाही. पहाटे ८० आणि दुपारी ३० टक्के दिसले, तरी हवेतली वाफ जवळपास तेवढीच असू शकते. हवा तापली की टक्का घसरतो. त्यापेक्षा वहीत दवबिंदू लिहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं ते तापमान. मे महिन्यात तो २० अंशांपर्यंत चढून टिकला आणि दुपारी ढगांचे उंच मनोरे रचले जाऊ लागले, तर वळवाची शक्यता धरायला हरकत नाही.

वारा मात्र बाल्कनीत मोजू नका, इमारती त्याची दिशा फिरवतात. गच्चीवर जा. आणि पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, एवढं नोंदीत उलटं होऊ देऊ नका.