लातूरच्या आमच्या रॉक बँडला मोठ्या कंपनीने पहिल्या अल्बमसाठी देऊ केलेली उचल, अल्बम चालला नाही तर परत करावी लागेल का?

सहसा नाही, अल्बम पूर्ण करून कंपनीच्या हवाली केला असेल, तर तो पडला तरी उचल खिशातून भरावी लागत नाही, मात्र ती फिटेपर्यंत रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीचा पैसा तुमच्या हाती येत नाही. अशा करारांत वसुली एकूण कमाईतून नव्हे, तर केवळ तुमच्या हिश्श्यातून होते: उचल ३ लाखांची आणि तुमचा हिस्सा १५ टक्के असेल, तर कंपनीकडे २० लाख जमा झाल्यावर तुमचे खाते शून्यावर येते, आणि पुण्या-मुंबईतील स्टुडिओचे भाडे, मिक्सिंग, प्रसंगी व्हिडिओचा खर्चही बहुधा त्याच खात्यावर चढतो. ऊसतोडीच्या उचलीप्रमाणे ही बाकी पुढच्या अल्बमवर ओढण्याचे कलम करारात असू शकते; माझ्या मते टक्केवारीपेक्षा आधी त्यावरच घासाघीस करावी. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी हा वेगळा हक्क आहे: कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणातील शब्द व संगीत यांच्या रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही, तो केवळ वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो. अल्बम मुदतीत दिलाच नाही किंवा करार मोडला, तर मात्र कंपनी उचल परत मागू शकते, म्हणून ते कलम वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.