चिनी पोथ्यांतली ‘उडती तबकडी’: मूळ शब्द कोणता?

प्रश्न असा आला आहे: ‘एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. अकराव्या शतकातल्या शेन कुओ या चिनी विद्वानाने यांगचौजवळच्या यूएफओचं वर्णन केलं आहे, असं त्यात म्हटलंय. तिथे “उडती तबकडी” लिहू, “यूएफओ” तसंच ठेवू की “अज्ञात उडती वस्तू” म्हणू? जुन्या चिनी भाषेत यासाठी शब्द होता का? पुढे पिसं असलेल्या माणसांचा उल्लेख येतो, त्यांना परग्रहवासी म्हणता येईल का?’

आधी सरळ उत्तर देतो. जुन्या चिनी भाषेत उडत्या तबकडीसाठी शब्द नव्हता, कारण ती कल्पनाच नव्हती. आकाशात किंवा पाण्यावर दिसलेल्या नवलाच्या उजेडांसाठी मात्र वेगवेगळे शब्द होते, आणि लिहिणाऱ्यांनी ते विचार करून वापरले आहेत. अनुवादात ते सगळे एकाच ‘तबकडी’खाली गेले, तर मूळ मजकुरातली सर्वांत मोलाची गोष्ट हरवते.

तबकडीचा इतिहास थोडक्यात पाहू. जून १९४७मध्ये अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची चाल होती, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चाल सोडून आकार उचलला आणि ‘उडती बशी’ जन्माला आली. मराठीने तिला चहाची बशी केलं नाही. अरबी-फारसीतून आलेल्या तबकाची छोटी तबकडी घेतली, जी ग्रामोफोनमुळे आपल्या ओठांवर आधीच होती. हिंदीने तश्तरी घेतली. चिनीत ‘फेइ-तिये’ झालं: फेइ म्हणजे उडणं, तिये म्हणजे छोटी बशी. तोच ‘तिये’ आज सीडीसाठीच्या ‘क्वांग-तिये’ या शब्दात आहे, म्हणजे आपल्या तबकडीसारखाच तोही बशीपासून ध्वनिमुद्रणापर्यंत फिरून आला. लानचौहून १९८१पासून निघू लागलेल्या प्रसिद्ध नियतकालिकाच्या नावातही हाच फेइ-तिये होता. तेव्हा हा शब्द विसाव्या शतकातला आहे आणि आपल्या शब्दासारखाच भाषांतरातून आलेला आहे. सुंग राजवटीतल्या, म्हणजे शेन कुओच्या काळातल्या माणसाच्या तोंडी तो घालता येत नाही.

आता शेन कुओ (१०३१–१०९५). हा माणूस काही ऐकीव गोष्टी गोळा करणारा नव्हता. होकायंत्राची सुई नेमकी दक्षिणेला न राहता किंचित पूर्वेकडे झुकते, हे त्याने नोंदवलं. जमिनीखाली सापडलेल्या दगडी बांबूंवरून त्या भागाचं हवामान पूर्वी वेगळं असावं, असा तर्क केला. पी शंगने केलेल्या छपाईच्या सुट्या टायपांची माहिती आपल्याला मिळते ती त्याच्यामुळेच. दरबारातल्या खगोल विभागाचं कामही त्याने पाहिलं होतं. म्हातारपणी यांगत्से नदीकाठच्या चनच्यांग गावी राहून त्याने ‘मंगशी पीथान’ लिहिलं. मंगशी म्हणजे स्वप्नातला ओढा, पीथान म्हणजे कुंचल्याशी गप्पा. बोलायला आता कुंचला आणि शाईची दगडी दौत एवढेच उरले आहेत, म्हणून हे नाव, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

या ग्रंथाच्या ‘विलक्षण घटना’ या भागात तुमचा उतारा येतो. त्यातला शब्द आहे ‘चू’, म्हणजे मोती. मजकूर साधारण असा: च्यायौ काळात (१०५६–१०६३) यांगचौ भागात एक मोती होता, फार मोठा. आभाळ भरलेलं असलं की पुष्कळदा दिसे. आधी तो थ्येनछांगच्या दलदलीत दिसला, मग पीशे तळ्यात आला, नंतर शिनखाय तळ्यात. दहा-बारा वर्षं तिथले रहिवासी आणि वाटसरू त्याला पाहत होते. माझ्या (म्हणजे शेन कुओच्या) एका मित्राची अभ्यासिका तळ्याकाठी होती. एका रात्री त्याला मोती अगदी जवळ दिसला. आधी मोत्याने आपली खोली किंचित उघडली आणि ओठांमधून सोनेरी रेघेसारखा उजेड बाहेर आला. क्षणात शिंपला पसरला, अर्ध्या चटईएवढा. आत चांदीसारखा पांढरा प्रकाश, मोती मुठीएवढा, आणि झळाळी अशी की डोळे लावून पाहवेना. दहाहून अधिक ली (अंतराचं चिनी माप) परिसरातल्या झाडांच्या सावल्या पडल्या, जणू सूर्य नुकताच वर आला आहे. दुरून पाहणाऱ्यांना वणव्यासारखं लाल आकाश दिसलं. मग तो एकाएकी दूर गेला, जणू उडत, लाटांवर तरंगत.

तबकडीवाले लेख हा उतारा देतात तेव्हा तीन ठिकाणी हात फिरवलेला असतो. ‘खोली’ आणि ‘ओठ’ शिंपल्याचे आहेत; त्यांचा दरवाजा होतो. ‘शिंपला पसरला’ याचं यानाचं कवच उघडलं असं होतं. आणि ‘जणू उडत’ यातला ‘जणू’ गळतो. हा ‘जणू’ तुम्ही कृपा करून सोडू नका. सबंध उताऱ्यात मोती आकाशात गेल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. तो दलदलीतून तळ्यात आणि तळ्यातून तळ्यात जातो, शेवटी लाटांवर असतो. रात्री उजळणाऱ्या मोत्याची कल्पना चीनमध्ये फार जुनी आहे आणि शेन कुओ लगेच तिचा उल्लेख करून फरकही सांगतो: जुन्या लोकांनी चंद्रासारखा मोती म्हटला आहे, हा मात्र चंद्रासारखा नाही, याला ज्वाळांची किरणं आहेत, सूर्याच्या जवळचा आहे. फानल्यांग गावाशी लोक होड्या बांधून कित्येक रात्री वाट पाहत आणि तिथल्या मंडपाला नावच ‘मोत्याची मौज’ पडलं होतं. ज्याच्यासाठी गावाने मंडपाचं नाव ठेवलं, ती त्या लोकांच्या लेखी ओळखीची गोष्ट होती. तिला ‘अज्ञात वस्तू’ म्हटलं तर त्यांचं म्हणणं पुसलं जातं.

आकाशातून खरंच काही आलं तर शेन कुओ काय लिहितो, हेही त्याच ग्रंथात सापडतं, आणि मला तो पुरावा फार महत्त्वाचा वाटतो. १०६४मध्ये छांगचौ भागात दिवसा मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि आग्नेयेला जवळजवळ चंद्राएवढा ‘एक मोठा तारा’ दिसला. पुन्हा गर्जना झाली आणि तो नैर्ऋत्येकडे सरकला, आणखी एक गर्जना झाली आणि यीशिंग तालुक्यातल्या शू घराण्याच्या बागेत पडला. जमिनीत खोल भोक पडलं होतं. खणल्यावर मुठीएवढा दगड निघाला, रंग लोखंडाचा आणि वजनही तसंच. तिथल्या सुभेदाराने तो चिनशान मंदिराकडे पाठवला. तिथे तो पेटीत ठेवला आहे आणि कोणी पाहुणा आला की उघडून दाखवतात, असं शेन कुओ सांगतो. उल्कापाताचं इतकं नेटकं वर्णन त्या काळातलं क्वचितच असेल. इथे त्याने शब्द वापरला ‘शिंग’, तारा. तळ्यातल्या उजेडाला तारा म्हणायचं असतं तर त्याच्याकडे शब्द होता. त्याने मोती म्हटलं.

हे चिनशान मंदिर चनच्यांगचंच, तेव्हा यांगत्सेच्या पात्रातल्या बेटावर होतं. त्याच मंदिरात १०७१मध्ये कवी सू शी रात्री राहिला आणि चंद्र मावळल्यावर नदीच्या मध्यावर त्याला मशालीसारखा उजेड दिसला. ज्वाळा डोंगरावर उजेड टाकत होत्या, झोपलेले कावळे दचकून उठले. सू शी विचारतो: ना भूत, ना माणूस, मग ही वस्तू तरी कसली? आणि कवितेत स्वतःची टीप जोडतो, की त्या रात्री दिसलं ते असंच. इथला शब्द ‘वू’, म्हणजे वस्तू. तुमच्या ‘अज्ञात उडती वस्तू’मधली वस्तू या एका ठिकाणी बरोबर बसते, ‘उडती’ मात्र नको. हुपे प्रांतातल्या सुंगत्सी तालुक्याच्या दप्तरातही हाच ‘वू’ आहे. १८८०मध्ये छिन आडनावाच्या एका गावकऱ्याला झुडपांत पाचरंगी झळकणारी वस्तू दिसली. धरायला गेला तर तो स्वतःच उचलला गेला आणि क्वेइचौ प्रांतातल्या डोंगरावर पडला. घरी परतायला अठराहून अधिक दिवस लागले, अशी ती नोंद. ती वस्तू नेमकी काय होती, ते शेवटी कळलं नाही, असं नोंदणारा लिहितो. न कळलेल्या गोष्टीला ‘वस्तू’ म्हणून तिथेच थांबणं हा मला फार सच्चेपणा वाटतो.

याच्या जवळचं एक उदाहरण चित्रातलं आहे. शांघायचा चित्रकार वू योउरू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नानजिंगचा एक प्रसंग काढला: पुलावर जमलेली गर्दी माना वर करून पाहते आहे. चित्रावरच्या मजकुरात शब्द आहे ‘ह्वो-छिउ’, आगीचा गोळा. प्रचंड अंड्यासारखा, लाल पण तेज नसलेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे संथ तरंगत जाणारा. काही जण उल्का म्हणतात, पण उल्का क्षणात नाहीशी होते. काही जण पोरांनी सोडलेला आकाशकंदील म्हणतात, पण वारा उत्तरेकडे होता आणि गोळा पूर्वेला गेला. मजकूर दोन्ही शक्यता तपासून बाजूला ठेवतो. ‘आगीचा गोळा’ असंच लिहा, त्यात काही उणं नाही.

आपल्याकडे रानात रात्री हलणाऱ्या उजेडाला आग्यावेताळ म्हणत आले आहेत. कोकणातली अशी एखादी गोष्ट कोणी चिनीत नेली आणि आग्यावेताळाच्या जागी फेइ-तिये लिहिलं, तर आपण नक्की हरकत घेऊ. तेवढाच हक्क त्या मोत्याचा आहे.

आता पिसांची माणसं. तुमच्या लेखातला उल्लेख बहुधा चौथ्या शतकातल्या वांग च्याच्या ‘शयी ची’ या संग्रहातला असणार. याओ या पौराणिक राजाच्या काळात पश्चिम समुद्रावर एक प्रचंड ‘छा’ तरंगत होता, असं त्यात आहे. छा म्हणजे तराफा, ओंडका. त्यावरचा उजेड रात्री पेटे, दिवसा विझे, कधी मोठा होई, कधी लहान. चारी समुद्र फिरून बारा वर्षांनी तो पुन्हा जागेवर येई. त्याला चंद्र भेदणारा तराफा म्हणत, ताऱ्यांना टांगलेला तराफाही म्हणत, आणि त्यावर ‘यू-रन’ राहत. याला अंतराळयान म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र बारा वर्षांवर थांबावंसं वाटतं. गुरू ग्रहाला आकाशाची फेरी पुरी करायला जवळजवळ तेवढीच वर्षं लागतात, चिनी ज्योतिषी त्यालाच वर्षतारा म्हणत, आणि आपल्याकडे नाशिकचा सिंहस्थ त्याच हिशेबाने येतो. या कथेत आकाशाचं ते गणित उतरलं असावं, असं माझं मत आहे. यू-रन हे ताओ परंपरेतले अमरत्व मिळवून पिसं फुटलेले सिद्ध. हान काळातल्या कबरींच्या शिल्पांतही पिसं असलेल्या आकृती आहेत. त्यांना ‘पिसधारी सिद्ध’ म्हणा. गंधर्व किंवा विद्याधर म्हणायचा मोह होईल, पण ते आपले आहेत, त्यांचे नाहीत. परग्रहवासी तर नकोच; त्यासाठी आजच्या चिनीत ‘वाय-शिंग-रन’ म्हणजे बाहेरच्या ताऱ्यावरचा माणूस हा वेगळा, नवा शब्द आहे.

तराफ्याची दुसरी कथा चांग ह्वाच्या (२३२–३००) ‘पोवूची’त आहे आणि शब्दाच्या दृष्टीने ती माझी सर्वांत आवडती. समुद्रकाठच्या एका माणसाला दर आठव्या महिन्यात न चुकता येणारा तराफा दिसे. शिधा घेऊन तो त्यावर चढला. खूप दिवसांनी एका नगरीसारख्या ठिकाणी पोचला. तिथल्या दालनांत बायका विणकाम करत होत्या आणि काठावर एक पुरुष बैलाला पाणी पाजत होता. हे कोणतं ठिकाण, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: शू देशात जाऊन यन च्युनफिंगला विचार. परतल्यावर त्याने त्या ज्योतिष्याला विचारलं. ज्योतिषी म्हणाला, अमुक साली अमुक दिवशी एका ‘ख-शिंग’ने गोपाल नक्षत्राची हद्द ओलांडली होती. हिशेब केला तर तो याच माणसाच्या पोचण्याचा दिवस निघाला. ख-शिंग म्हणजे पाहुणा तारा.

हा पाहुणा तारा ही दरबारी खगोलनिरीक्षकांची रोजच्या वापरातली संज्ञा होती, जशी धूमकेतूला ‘हुइ-शिंग’, म्हणजे केरसुणी-तारा. आपलं शेंडेनक्षत्र त्याच धाटणीचं. ४ जुलै १०५४ रोजी दिसलेला पाहुणा तारा तेवीस दिवस भरदिवसाही दिसत होता, अशी त्यांची नोंद आहे. तो तारा म्हणजे वृषभ राशीतला अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा. त्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. याच ताऱ्याची भारतीय नोंद कुठे सापडते का, याचा शोध पुण्यात जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी घेतला होता. चिनी नोंदीत ‘पाहुणा तारा’ हा नेमका शब्द नसता, तर आजच्या खगोलशास्त्रज्ञांना तिचा इतका उपयोग झाला नसता.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. अशा लेखांत हटकून ‘द्रोपा तबकड्या’ येतात: १९३८मध्ये बायनहार पर्वतातल्या गुहांत सापडलेल्या ७१६ दगडी चकत्या, त्यांवर बारीक खाचांत कोरलेला परग्रहवासीयांचा वृत्तांत, आणि तो वाचणारे कोणी प्राध्यापक त्सुम उम नुइ. ही कथा पहिल्यांदा छापली गेली ती १९६२मध्ये, एका जर्मन शाकाहारी मासिकात. ‘त्सुम उम नुइ’ हे चिनी नाव होऊ शकत नाही, आणि चकत्या कोणालाही दाखवता आलेल्या नाहीत. त्यातला ‘द्रोपा’ मात्र खऱ्या माणसांवरून आला आहे. तिबेटीत ‘द्रोक्पा’ म्हणजे उंचावरच्या कुरणांत जनावरं चारणारे लोक, आणि लडाखमधले ब्रोक्पा हे त्याच शब्दाचं रूप. जित्याजागत्या पशुपालकांचं नाव परग्रहावरून आलेल्या टोळीला लावणं मला मनापासून खटकतं. अनुवादात हा भाग ठेवावाच लागला, तर ‘अशी दंतकथा आहे’ एवढं जरूर घाला.

तुमच्या लेखात ७ जुलै २०१०चा हांगचौचा प्रसंग असेल, तर तिथे काहीच अडचण नाही. शियाओशान विमानतळाजवळ काहीतरी दिसलं म्हणून सुमारे तासभर उड्डाणं थांबवावी लागली. चिनी बातम्यांतला शब्द होता ‘पुमिंग फेइशिंग-वू’, शब्दशः ‘अस्पष्ट उडती वस्तू’. तिथे बेलाशक ‘यूएफओ’ लिहा, किंवा पहिल्यांदा ‘अनोळखी उडती वस्तू’ आणि पुढे ‘यूएफओ’. ‘उडती तबकडी’ मात्र तिथेही नको, कारण दिसलेल्या गोष्टीचा आकार बशीसारखा होता असं त्या शब्दात कुठेच म्हटलेलं नाही.