लोणावळ्याचं बिल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो माझ्याकडे समुपदेशनाला एकटाच आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) लग्नाला दोन वर्षं, चाकणला नोकरी, मोशीतल्या फ्लॅटचं कर्ज. "मॅडम, १४ फेब्रुवारी जवळ आली की पोटात गोळा येतो. काही केलं नाही तर ती नाराज होणार, आणि करायचं म्हटलं तर खिशात काही नाही." व्हॅलेंटाइनच्या आणि दिवाळी पाडव्याच्या आधी हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो.

आदल्या वर्षी त्याने लोणावळ्याला रिसॉर्ट घेतलं होतं, वर सोन्याचे कानातले. सगळं क्रेडिट कार्डावर. नंतर दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढी भरत राहिला. तेवढ्याने उशिराचा दंड टळतो, व्याज चालूच राहतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. मी हा आकडा त्याच्याच मोबाईलवर काढून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

"बायकोला माहीत आहे?"

"नाही. तिला कशाला टेन्शन?"

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. वेगवेगळे कागद दिले आणि म्हटलं, लग्नानंतरचा एक दिवस लिहा, आठवला की बरं वाटतो असा. त्याने लिहिलं, लोणावळा. तिने लिहिलं, 'पावसात लोकल रखडली तो दिवस. चिंचवड स्टेशनबाहेर एका प्लेटमध्ये कांदाभजी. याचा फोन भिजून बंद पडला होता.'

"आणि लोणावळा?" मी विचारलं.

ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "तिथे हा सारखा फोन घेऊन गॅलरीत जायचा. मला वाटलं, याचं बाहेर कुणीतरी आहे."

कार्डाची लिमिट किती उरली, ते तो बघत होता. हे त्याने तिला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या खोलीत, वर्षभराने. ती रडली, मग चिडली. पैसे गेले त्याचं तिला फार काही नव्हतं. वर्षभर तिने मनात एक न दिसणारी बाई सांभाळली होती, त्याचा राग होता.

भेटवस्तूंशी माझं वाकडं नाही. पाडव्याला ओवाळल्यावर तबकात काहीतरी पडावं, असं मलाही वाटतं. फक्त आकडा दोघांनी आधी बसून ठरवावा. यांनी ठरवला ३०० रुपये. तो लगेच म्हणाला, "मग घरीच करू काहीतरी साधंसं." इथे मी त्याला थांबवलं. 'घरीच साधंसं' म्हणजे बहुतेक घरांत बायको ओट्यापाशी आणि नवरा फोटो काढायला. तिला हसू फुटलं. "हो ना! मागे याच्या वाढदिवसाला असंच साधंसं केलं, चाळीस पुऱ्या लाटल्या मी."

तेव्हा स्वयंपाक बाद. संध्याकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर चालायला जायचं, येताना भेळ. एकच फोन न्यायचा, तोही बंद करून तिच्या पर्समध्ये. गुलाब घ्यायचा तो दोन दिवसांनी, भाव उतरल्यावर. ही अट तिची.

सगळं गोड झालं असं नाही. त्या दिवशी दुपारी मैत्रिणीचं स्टेटस बघून ती अर्धा तास तोंड पाडून बसली होती, तिनेच सांगितलं. हॉटेल, फुगे, केक. यानेही तेव्हा "बघ, म्हणूनच मी मागच्या वर्षी..." असं सुरू केलं. टेकडीवर पहिली दहा मिनिटं दोघं पुढेमागेच चालत होती.

मार्चमध्ये दोघं आली तेव्हा कार्डाची स्टेटमेंट्स तिच्या फाइलीत होती. तिने महिन्याचा हप्ता बांधून घेतला होता आणि कार्ड कपाटात गेलं होतं. तो जरा चाचरतच म्हणाला, "मॅडम, ते कानातले मोडले तर एकदम फिटेल."

"मोडायचे नाहीत," ती म्हणाली. "व्याजासकट माझे आहेत ते."