किल्ली मुंबईला, डास वाडीत

प्रश्न : आमच्या वाडीत २२ घरं, त्यातली १३ वर्षभर बंद. गणपतीच्या आधी दोघांना डेंग्यू झाला. ग्रामपंचायतीने दोनदा धूर मारला. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गटारं वाहती आहेत, उकिरडाही लांब. मग डास येतात कुठून? आणि अळ्या खाणारे गप्पी मासे कुठे सोडावेत?
— एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, मला तुमच्या त्या १३ घरांचीच शंका येते. आरोग्य सेवक म्हणून या जिल्ह्यात २९ वर्षं वाड्या तुडवल्या, तेव्हा ही शंका उगाच नाही.

धुराने उडता डास मरतो, तोही धुराच्या वाटेत सापडला तर. पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पुढची पिढी तयारच असते. शिवाय डेंग्यूचा डास, एडिस, दिवसा चावतो आणि घरातच कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसतो. आपण मात्र धुराचं यंत्र ऐकू आलं की दारं-खिडक्या लावून घेतो! गटारात होतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, हत्तीरोग पसरवतो, पण डेंग्यूत त्याचा हात नाही. एडिसला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं आणि तो जन्मला तिथून सहसा शे-दोनशे मीटरच्या पुढे जात नाही. तुमचा डास तुमच्या वाडीतलाच.

एका वाडीत आम्ही पंधरा दिवस पिंपं तपासली, काही सापडेना. शेवटी शेजाऱ्यांकडे असलेल्या किल्लीने एक बंद घर उघडलं. संडासाच्या भांड्यात बॅटरीचा झोत टाकला, तर डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या शंभरेक अळ्या वळवळत तळाला गेल्या. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, घरात कुणी राहतच नाही, डास कुठून होणार?" मे महिन्यात येऊन गेले होते, तेवढं पाणी पुरलं. वर स्लॅबवरच्या टाकीचं झाकण उडालेलं, ती पावसाने भरलेली.

तेव्हा आधी किल्ल्या गोळा करा. चाकरमान्यांना सांगा, निघताना फ्लशची टाकी रिकामी करा, भांड्यावर प्लास्टिक घट्ट बांधा, पाण्याच्या टाकीचं झाकण तारेने आवळा. सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळीचं फडकं बांधलंत तर क्युलेक्सचाही बंदोबस्त होईल. काही मालक चिडतील. चिडू देत.

राहत्या घरांनी आठवड्यातला एक वार ठरवून पिंपं, हंडे रिकामे करावेत आणि आतून घासावेत. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि पाणी चढलं की फुटतात. आगरात करवंट्या, उंदराने पोखरून पाडलेले नारळ, पोफळीच्या विऱ्या, ताडपत्रीच्या खोलगट घड्या बघा. करवंट्या चुलीत घाला, पावसाळ्यात तसंही सरपण ओलं असतं.

गप्पी मासे विहिरीत, दगडी डोणीत, शोभेच्या हौदात सोडा. दर आठवड्याला उपसायच्या पिंपात त्यांना टाकून काय उपयोग? पऱ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका, तिथल्या माशांवर ते संकट होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी ते पाळलेले असतात.

आणि हो, फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे. मी गावभर लोकांची पिंपं उपडी करत हिंडायचो, आणि एके दिवशी सुनेने आमचा ट्रे ओढून माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, "बाबा, ही बघा तुमची मंडळी."