चौदा वर्षांची मुलगी साध्या बोलण्यावरही भडकते, दार आपटते. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ‘जेवलीस का’ विचारलं तरी ती अंगावर येते आणि ‘आत्ताच्या आत्ता माफी माग’ म्हटलं की भांडण तासभर चालतं. मला वाटतं, घोळ त्या ‘आत्ताच्या आत्ता’त आहे.

भडका उडालेला असताना काहीही शिकवता येत नाही. छातीतली धडधड ओसरायला वीस-तीस मिनिटं सहज जातात. शिवाय रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात अजून घडत असतो, पंचविशीपर्यंत ते काम चालतं. म्हणून त्या वीस-तीस मिनिटांत आवाज तिच्यापेक्षा खाली ठेवा आणि एकच वाक्य बोला, ‘तू चिडली आहेस, जेवण झाल्यावर बोलू.’ मग तिथून निघा. वन बीएचकेमध्ये जाणार कुठे? कचरा टाकायला खाली जा, नाहीतर गॅलरीतले कपडे काढा. दारात वाट अडवून उभ्या राहू नका, मोबाइल ओढू नका. हातघाई बहुधा तिथूनच सुरू होते. ‘येऊ देत बाबांना’ तर नकोच. ते दमून येतात, अर्धवट ऐकतात आणि विझलेलं पुन्हा पेटतं.

आता खरं काम. दहा दिवस एका वहीत प्रत्येक भडक्याची नोंद ठेवा: वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं, पाळीची तारीख आणि त्याआधी कोण नेमकं काय बोललं. (वही तिच्या हाती लागू देऊ नका.) बऱ्याच घरांत एकच वेळ निघते, क्लासवरून आल्यावरची. दुपारी दीडला डबा, मधे पोटात काही नाही आणि चप्पल काढायच्या आत ‘टेस्टचे मार्क मिळाले?’ ही विचारणा. हा प्रश्न अर्धा तास पुढे ढकला, आधी थालीपीठ समोर ठेवा. पाळीच्या तारखा मात्र दहा दिवसांनंतरही लिहीत राहा. भडके दोन-तीन महिने पाळीच्या आधीच येताना दिसले, किंवा ती फिकट दिसते, जिना चढताना दमते असं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा.

या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकल्यामुळे रात्री लवकर झोपही येत नाही. शाळा सातची असेल तर हिशेब बसतच नाही. म्हणून साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचा आणि बाबांचाही. पहिला आठवडा आरडाओरडा वाढेल. चौथ्या दिवशी तुम्ही नमलात, तर चार दिवस ओरडलं की काम होतं एवढंच ती शिकेल.

बोलणं समोर बसवून नको. मटार सोलताना किंवा ती स्कूटरवर मागे बसलेली असताना दोन मिनिटं पुरतात. चिडलीस, ठीक. शिवी आणि फेकाफेक चालणार नाही. फुटलेल्या वस्तूचे पैसे तिच्या पॉकेटमनीतून. तुम्ही काही लागेल असं बोलला असाल तर तेवढ्यापुरती माफी तुम्हीही मागा. मामेबहिणीचं उदाहरण आणि दोन दिवसांचा अबोला, दोन्ही टाळा.

पण दोन आठवडे सतत उदास, मैत्रिणी तुटलेल्या, जेवण सुटलेलं, हातावर कापल्याच्या खुणा, असं काही असेल तर हे वयाचं नव्हे. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘जगायचंच नाही’ असं ती बोलली तर एकटं सोडू नका, थेट विचारा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.