चिकित्सक विचाराचे घटक आणि निकष कोणते? रोजच्या आयुष्यात ते कसे वापरायचे?

यादी आधी देऊन टाकते. चिकित्सक विचाराचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड पॉल आणि लिंडा एल्डर यांच्या मांडणीत विचाराचे आठ घटक आहेत: हेतू, प्रश्न, माहिती, अनुमान, संकल्पना, गृहीतक, परिणाम आणि दृष्टिकोन. हे घटक ज्यांवर घासून बघायचे ते निकष म्हणजे स्पष्टता, अचूकता, नेमकेपणा, संबद्धता, खोली, व्याप्ती, तर्कसंगती, महत्त्व आणि न्याय्यता. परीक्षेपुरतं हवं असेल तर एवढं पुरे. पण तुम्ही ‘रोजच्या आयुष्यात’ असं विचारलंय, आणि तिथे माझं जुनं दुखणं आहे.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. २०१२ चा पाऊस गेला आणि माघातच विहिरीनं तळ गाठला. साडेतीन एकर डाळिंब उभं होतं. टँकरवर बाग जगवायची ऐपत नव्हती, म्हणून आप्पांनी बोअर घ्यायचं ठरवलं. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो रान फिरला. एका जागी नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली मारली. ३२० फूट गेलो, नुसता फुफाटा. दुसऱ्या फुलीवर ४०० फूट, परत फुफाटा. तिसऱ्याला २१० फुटांवर दीड इंच पाणी लागलं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दुसऱ्या बोअरची गाडी उभी राहत असताना मी विचारलं, “तात्या, पहिला कोरडा का गेला?” गाडीवरच्या माणसांदेखत ते म्हणाले, “तू चप्पल घालून फुलीवर उभी राहिलीस. आणि मनात शंका धरली की शीर सरकते, पोरी.” दुसराही कोरडा गेल्यावर ही गोष्ट सगळ्या भावकीत पसरली. ७२० फुटांचं बिल आप्पांनी सावकाराकडून उचलून भागवलं होतं, आणि त्याचा दोष आला माझ्या चपलेवर. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पाणी लागलं तर विद्या खरी, नाही लागलं तर पोरीची चप्पल. असं बोलणं कधी खोटं ठरूच शकत नाही. तुम्ही आठ घटक पाठ केलेत आणि ‘माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते मला कशावरून कळेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारला नाहीत, तर त्या पाठांतराचा काही उपयोग नाही. माझं हे ठाम मत आहे.

त्या उन्हाळ्यात मी एक वही केली. आमची आणि शेजारची वस्ती मिळून वीस बोअर होते. पाणाड्यानं दाखवलेल्या ११ पैकी ६ ला पाणी लागलं होतं. रस्त्याला जवळ, पाइपलाइनला सोयीचं अशी जागा बघून आपल्या मनानं घेतलेल्या ९ पैकी ५ ला. लिहायला बसल्यावर पहिली अडचण आली ती स्पष्टतेची. ‘पाणी लागलं’ म्हणजे काय? त्या सहांतले दोन चैत्रात आटले होते, तरी लोक ते ‘लागले’ म्हणूनच सांगत होते. दुसरी अडचण संकल्पनेची. तात्यांच्या डोक्यात जमिनीखाली नसांसारख्या वाहणाऱ्या शिरा आहेत. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. त्यात पाणी साठतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांत, सच्छिद्र खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून बऱ्याच ठिकाणी थोडंफार लागतं, आणि त्याच रानात थोडं बाजूला कोरडंही जातं. कुणीही, कशीही जागा दाखवली तरी काही बोअर लागणारच.

वही दाखवल्यावर तात्या म्हणाले, “ही तुमची इंग्रजी विद्या.” नाही, तात्या. आपल्याच जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ एवढ्यावर भागत नाही. ‘जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही’ हेही तपासावं लागतं. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. हेतू (इथे अर्थ खूण, जसा धूर) आहे पण साध्य (जसा अग्नी) नाही असं एक जरी उदाहरण निघालं, तर तो व्यभिचार, म्हणजे खूण फसवी, हेत्वाभास. नारळ उभा राहिला आणि पाणी नाही, असं आमच्याच रानात दोनदा झालं. आमच्या घरी फक्त अन्वय सांगितला जातो. तिसऱ्या बोअरची गोष्ट मी निदान वीस लग्नांत ऐकली आहे. पहिल्या दोन बोअरची एकदाही नाही.

जर्मनीत कासेल इथे १९९० साली सुमारे ३० पाणाड्यांची चाचणी झाली होती. पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. अटी त्यांनी आधी मान्य केल्या होत्या, यशाची खात्रीही दिली होती. निकाल नाणेफेकीहून बरा आला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वीस बोअर ही लहान संख्या आहे. माझ्या वहीवरून फरक दिसत नाही एवढंच म्हणता येतं, फरक नाहीच असं सिद्ध होत नाही. पाणाड्या फसवा होता असंही मी म्हणत नाही. जन्मभर रान तुडवलेल्या माणसाला झाड, उतार, ओढ्याचं वळण कळतं. वराहमिहिरानं बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात झाडं आणि वारुळं या पाण्याच्या खुणा म्हणून दिल्या आहेत. त्या खुणा तपासता येतात, आणि नारळापेक्षा मला त्याच जास्त पटतात. भूवैज्ञानिकानं दाखवलेले बोअरही कोरडे जातात. आणि न्याय्यतेच्या निकषावर मी स्वतः कमी पडले, कारण त्या पाणाड्याला त्याचा हिशोब मी कधी विचारलाच नाही.

तर वापरायचं कसं? गाडी यायच्या आधी कागदावर लिहा: जागा कुणी दाखवली, किती फुटांवर, किती इंच, आणि किती खोलीपर्यंत नाही लागलं तर चूक मानायची. खाली तारीख आणि सही. नोकरी, औषध, शेअर, स्थळ, सगळीकडे हेच चालतं. यंदा तात्यांचा धाकटा मुलगा बोअर घेतोय. हा कागद मी त्याला पाठवलाय आणि सही तात्यांचीच हवी असं कळवलंय. मी फुलीवर अनवाणी उभी राहायला तयार आहे.