इटालियन विनोदी चित्रपट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवतो. यंदा इटालियन विनोदी चित्रपट घ्यायचे आहेत. तीनच निवडायचे तर कुठले? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिला मारिओ मोनिचेल्ली यांचा ‘ई सोलिती इन्योती’ (१९५८). रोममधले पाच कफल्लक भुरटे चोर एका सावकारी पेढीची तिजोरी फोडायला निघतात. तिजोरी कशी फोडायची याची शिकवणी गच्चीवर विनोदी नट तोतो घेतो. ते दृश्य एकट्याने अख्खा हॉल हसवतं. वित्तोरिओ गासमान तोवर रंगभूमीवरचा गंभीर नट म्हणून ओळखला जायचा. मोनिचेल्लींनी त्याचं नाक बदललं, केस कपाळावर खाली आणले, बोलताना अडखळायला लावलं, आणि इटलीला एक नवा विनोदी नट मिळाला.

दुसरा पिएत्रो जेर्मी यांचा ‘दिवोर्त्सिओ आल्लितालियाना’ (१९६१), तिसरा दिनो रीझी यांचा ‘इल सोर्पास्सो’ (१९६२). हा क्रम बदलू नका. ‘सोर्पास्सो’ १५ ऑगस्टच्या सुट्टीत ओस पडलेल्या रोममध्ये सुरू होतो, लान्चा ऑरेलिया गाडीतून समुद्राकाठाने हुंदडतो, पण त्याचा शेवट हलका नाही. तो आधी दाखवलात तर पुढच्या महिन्यात लोक बिचकत येतील. शेवटी ठेवा आणि नंतर अर्धा तास गप्पांसाठी राखून ठेवा.

तिन्ही कृष्णधवल, प्रत्येकी साधारण पावणेदोन तासांचे. पांढरी सबटायटल्स पांढऱ्या शर्टावर दिसेनाशी होतात, म्हणून प्लेअरच्या सेटिंगमध्ये ती पिवळी करा किंवा मागे काळी पट्टी ठेवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान साडेचार फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागच्या रांगांना अक्षरं वाचता येत नाहीत. घरचं ओटीटी खातं किंवा डीव्हीडी घरी पाहण्यापुरतीच असते. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्या. मुंबईतल्या इटालियन सांस्कृतिक केंद्राकडे आधी चौकशी केलेली बरी.

प्रश्न : ओठ एक बोलतात, ऐकू दुसरंच येतं. प्रिंट खराब आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : प्रिंट ठीक आहे. त्या काळी इटलीत आवाज बहुतेक वेळा चित्रीकरणानंतर स्टुडिओत भरायचे, आणि पुष्कळदा नट एक, आवाज दुसऱ्याचा. ‘सोर्पास्सो’मधला झाँ-लुई त्रँतिन्यां फ्रेंच, त्याचा इटालियन आवाज पाओलो फेर्रारीचा. ‘सोलिती इन्योती’त सिसिलीचा माणूस झालेला तिबेरिओ मुर्जा मुळात सार्डिनियाचा, तर बोलोन्याच्या बोलीत बोलणारा म्हातारा कार्लो पिझाकाने नेपल्सचा. दोघांनाही आवाज दुसऱ्यांनी दिला. मालवणी माणसाच्या तोंडी वऱ्हाडी घालण्यासारखाच हा प्रकार. बोलीबोलींतली ही चकमक हा त्या विनोदाचा कणा आहे आणि इंग्रजी डबिंगमध्ये तो साफ मोडतो. त्यामुळे मूळ इटालियन आवाजच निवडा. मात्र आवाज सगळीकडे सारखाच मागे-पुढे असेल, दार आपटल्याचाही उशिरा येत असेल, तर दोष ब्लूटूथ स्पीकरचा. तार जोडून पाहा.

प्रश्न : ‘दिवोर्त्सिओ’तला सरदार बायकोला मारायचे बेत का रचतो? सरळ घटस्फोट का घेत नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : कारण इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला डिसेंबर १९७० मध्ये. रद्द करावा म्हणून १९७४ मध्ये सार्वमत घेतलं, तरी टिकला. उलट दंडसंहितेचं कलम ५८७ असं होतं, की व्यभिचार उघडकीला आल्यावर रागाच्या भरात बायको, मुलगी किंवा बहिणीला मारलं तर शिक्षा फक्त ३ ते ७ वर्षं. सरदार फेफे हेच गणित मांडतो : आधी बायकोसाठी प्रियकर शोधायचा, मग दोघांना रंगेहाथ पकडायचं. हे कलम १९८१ पर्यंत पुस्तकात होतं. हे माहीत नसेल तर चित्रपट नुसता विक्षिप्त वाटतो. माहीत असलं की फेफे झालेल्या मास्त्रोयान्नीच्या तोंडाच्या कोपऱ्याची ती चुकचुक अंगावर येते. जेर्मी हसवतात, पण कायद्याला एक क्षणही सोडत नाहीत. म्हणूनच या पटकथेचं ऑस्कर आम्हाला अगदी योग्य वाटतं.

प्रश्न : ‘सोलिती इन्योती’च्या शेवटी चोर काय खातात? घरी करता येईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : (चित्रपट पाहिला नसेल त्यांनी हे नंतर वाचावं.) भलतीच भिंत फुटते, पलीकडे तिजोरीऐवजी स्वयंपाकघर निघतं आणि मंडळी तिथली पास्ता आणि छोल्यांची आमटी खायला बसतात.

चौघांसाठी २०० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा आणि कुकरला मऊ शिजवा. पाणी फेकू नका. तीन चमचे ऑलिव्ह तेलात लसणाच्या तीन पाकळ्या आणि रोझमेरीची काडी मंद आचेवर परता. लसूण लाल झाला तर कडू लागतो. रोममध्ये इथेच खारवलेला अँकोव्ही मासा विरघळवतात, शाकाहारींनी वगळावा. एक टोमॅटो किसून घाला, मग चणे त्यांच्या पाण्यासकट. तिसरा हिस्सा चणे घोटून घ्या, दाटपणा त्यातूनच येतो. एकूण लिटरभर रस हवा. उकळी आली की मीठ आणि १६० ग्रॅम बारीक, आखूड पास्ता घाला. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. पास्ता रस पीत राहतो, तासाभराने गिच्च गोळा होतो. चित्रपटानंतर वाढायची असेल तर चण्याचा रस आधी करून ठेवा आणि पास्ता ऐनवेळी घाला.